उपऱ्या शेवाळाचा काढा: भाजीला कसा, किती आणि कधी

घेवड्याची ती ओळ करपली तेव्हा पहिले दोन दिवस मी उन्हाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी वाकून पानं नीट बघितली. कडा तपकिरी, मधला भाग हिरवागार, आणि शेजारच्या टोमॅटोला म्हणावं तर काहीच झालेलं नाही. ऊन असतं तर टोमॅटोही सुटला नसता. आदल्याच आठवड्यात किनाऱ्यावरून आणलेलं शेवाळ मी एकदा पाण्यात बुचकळलं होतं, उकळलं होतं, आणि ‘नैसर्गिकच तर आहे, जरा जास्त पडलं म्हणून काय होतंय’ असं म्हणत तो काढा निम्म्या पाण्यात मिसळून दोन्ही ओळींच्या मुळाशी ओतला होता.

मी वीस-बावीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई. क्षार मोजायचं ईसी मीटर घरच्या कपाटात होतं. ते काढायला मला दोन मिनिटं लागली असती. असो. त्या ओळीनं मला जे शिकवलं तेच इथे लिहिते आहे. काढा करणं सोपं आहे. खरी मेहनत धुण्यात आहे आणि खरी अक्कल प्रमाणात.

हे खत नव्हे

समुद्री शेवाळात पालाश भरपूर असतं, पण नत्र आणि स्फुरद फारसं नसतं. शिवाय ताज्या शेवाळात दहातले आठ-नऊ भाग नुसतं पाणी. म्हणजे ‘शेवाळ घातलं, आता खत नको’ हा हिशोब जुळत नाही. शेणखत, कंपोस्ट, जे काही तुम्ही घालता ते घालायचंच आहे.

मग शेवाळ करतं काय? तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉइडन अशा लांब साखळीच्या शर्करा असतात, मॅनिटॉल असतं, बीटेन असतात, आणि सायटोकायनिन, ऑक्सिन ही संजीवकं, म्हणजे रोपाच्या वाढीची संप्रेरकं, अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. ही सगळी मंडळी रोपाला जेवण देत नाहीत, इशारा देतात. काढ्यातली संजीवकं स्वतः काम करतात त्याहून जास्त काम रोपाच्या आतली संजीवकांची व्यवस्था हलल्यामुळे होतं, असं संशोधनात दिसलेलं आहे. पांढरी मुळं लवकर फुटतात, पुनर्लागणीचा धक्का रोप लवकर पचवतं, पाण्याचा किंवा उन्हाचा ताण जरा जास्त सोसतं.

इशाऱ्याचं एक असतं. हळू सांगितलं तर ऐकू येतं, कानात ओरडलं की माणूस दचकतो. काढा थोडा असला की वाढ होते, तोच दाट झाला की वाढ खुंटते. त्यात क्षारांचा मार वेगळाच. माझ्या वहीत टोमॅटोच्या तीन ओळी आहेत, प्रत्येकी आठ रोपं. एकीला नुसतं पाणी, दुसरीला शेकडा दोन काढा, तिसरीला शेकडा वीस. दोनवाली ओळ पहिल्या महिन्यात स्पष्ट पुढे होती. वीसवाली नुसत्या पाण्याच्या ओळीच्याही मागे पडली. चोवीस रोपं म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण माझा हात त्या दिवसापासून आखडला तो कायमचा.

कोणतं उचलायचं, कोणाला हातही लावायचा नाही

‘उपरं’ म्हणजे जे मूळचं तिथलं नाही, जहाजाच्या पाण्यातून, कालवांच्या शेतीबरोबर किंवा आणखी कशाच्या पाठीवर बसून आलं आणि पसरलं ते. सगळी उपरी शेवाळं एका मापाची नसतात, म्हणून आधी ओळख.

सर्गासम म्युटिकम हे जपानकडचं. कालवांबरोबर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गेलं, आणि १९७३ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटला सापडलं. तिथे लोकांनी ते हातांनी उपटून संपवायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. ओळखायची खूण सोपी: मुख्य देठ आडवा धरला की बाजूच्या फांद्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबतात, आणि त्यांवर मिरीएवढे हवेचे फुगे असतात. काढ्याला हे चांगलं.

उंडारिया पिनाटिफिडाला पानाच्या मधोमध जाड शीर असते आणि देठाच्या बुडाशी झालरीसारखा घडीदार भाग. त्या झालरीत बीजाणू असतात, लाखोंनी. म्हणून उंडारियाला समुद्राजवळ, बंदरावर, ओढ्यात धुवायचं नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत ते आहे.

त्याच यादीतलं दुसरं नाव कॉलर्पा टॅक्सिफोलिया. हिरवंगार, पिसासारखं, दिसायला फारच देखणं. त्याला हात लावू नका. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात ते पहिल्यांदा दिसलं आणि तिथून पसरत गेलं. त्याचा छोटा तुकडाही नवं रोप होतो, आणि ओलसर अंधारात, म्हणजे तुमच्या पिशवीत, तो दहा दिवसांपर्यंत जगू शकतो. वर त्यात स्वतःचं विषही असतं. कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत ते २००० मध्ये सापडलं, तेव्हा ताडपत्र्या टाकून आणि खाली क्लोरीन सोडून मारावं लागलं. पूर्ण गेलं असं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला कळवा.

जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत रुगुलोप्टेरिक्स ओकामुरे नावाच्या तपकिरी शेवाळानं २०१५ पासून धुमाकूळ घातलाय. किनाऱ्यावर ढीग पडतात. ते २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या आक्रमक जातींच्या यादीत गेलं, आणि त्या यादीतलं काहीही परवानगीशिवाय बाळगणं किंवा वाहून नेणं तिथे बेकायदा आहे. कचरा म्हणून पडलेलं असलं तरी. म्हणून तुम्ही जिथे असाल तिथे पहिलं काम हे: किनाऱ्यावरचं शेवाळ उचलायला परवानगी आहे का आणि ह्या जातीची ने-आण चालते का, हे विचारणं. पिशवी घेऊन निघण्याआधी.

आणि मन्नारच्या आखातातलं कॅपाफायकस अल्वारेझी. कॅराजीननसाठी, म्हणजे पदार्थ दाट करायला वापरतात त्या घटकासाठी, म्हणून त्याची शेती सुरू झाली, ताजं शेवाळ चिरडून निघणारा रस पिकांवर फवारायला वापरतात आणि त्या रसाचा भाज्यांवर, धान्यांवर भरपूर अभ्यास झालेला आहे. तेच शेवाळ कुरुसडाई बेटाजवळ शेतीतून सुटून प्रवाळांवर चढलं. पिकाला तारणारं आणि प्रवाळाला गुदमरवणारं एकच. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ‘उपयोगी आहे ना, मग लावूया थोडं आपल्याही किनाऱ्याला’ असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. लावायचं नाही. फक्त वाहून आलेलं उचलायचं.

तरंगत्या सर्गासमचं वेगळं प्रकरण

अटलांटिकमध्ये २०११ पासून जे तरंगतं सर्गासम थव्याथव्यानं कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यांना लागतंय, ते काटेकोरपणे परकं नाही, तिथलंच आहे. पण येतं ते आक्रमण केल्यासारखं. २०१८ च्या जूनमध्ये उपग्रहांनी टिपलेला त्याचा पट्टा ८,८५० किलोमीटर लांब होता आणि अंदाजे वजन २ कोटी टनांच्या वर.

एवढं फुकट पडलेलं असताना ते भाजीला का नको? कारण आर्सेनिक. तपकिरी शेवाळं समुद्रातलं आर्सेनिक साठवतात आणि त्यात सर्गासम पुढे. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बऱ्याच नमुन्यांत किलोमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक निघालं. जनावरांच्या खाद्यातल्या शेवाळासाठी युरोपात ठेवलेली मर्यादा नेमकी तेवढीच आहे. उकळल्यानं आर्सेनिक उडून जात नाही, उलट पाण्यात उतरतं, आणि आपण वापरणार ते पाणीच. प्रयोगशाळेतून तपासून घेतलं नसेल तर तरंगत्या सर्गासमचा काढा मी फुलझाडांना आणि कुंपणाला घालते, पालेभाजीला आणि कंदमुळांना नाही. तपासणीला पाठवताना ‘एकूण आर्सेनिक, कॅडमियम, शिसं’ असं लिहून द्या. नुसतं ‘तपासून द्या’ म्हटलं तर नत्र-स्फुरद-पालाशचा कागद हातात येतो. हे मी टेबलाच्या पलीकडून वीस वर्षं बघितलंय.

बाकीच्या तपकिरी जातींनाही हा नियम सौम्यपणे लागू आहे. एकाच वाफ्यात दरवर्षी शेवाळ ओतत राहू नका. वाफे फिरवा.

उचलणं

भरतीच्या रेषेवर काल-आज लागलेलं, अजून ओलं, रबरासारखं लवचीक असलेलं शेवाळ घ्यायचं. खडकाला चिकटलेलं उपटायचं नाही. उपटताना तुकडे सुटतात आणि तुम्हीच त्याची लागवड करून येता. ढिगाच्या वरचा भाग घ्या, खालचा राहू द्या, खाली किडे-खेकडे राहतात आणि पक्षी तिथेच चरतात. प्रत्येक मूठ झटकून बघा. मला आतापर्यंत मासेमारीची तंगूस, दोन गळ, डांबराचे चिकट गोळे आणि एक चप्पल मिळाली आहे.

सडक्या अंड्याचा वास आला की मागे फिरा. साचून कुजणाऱ्या शेवाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. २००९ मध्ये फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाच्या साठ्यात रुतलेला एक घोडा ह्या वायूनं मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. वायू फार झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून ‘आता वास कमी झाला’ ह्यावर विसंबायचं नाही.

किती आणायचं? पहिल्यांदा एक बादली. मी पहिल्यांदा चार पोती आणली होती. आमचे हे तेव्हापासून किनाऱ्यावर माझ्याबरोबर येत नाहीत.

बादलीला झाकण हवं, पिशवीला भोक नको. वाटेत तुकडे सांडले आणि पावसानं ते गटारात नेले तर गटार बहुतेक वेळा समुद्रालाच मिळतं. घरी आल्यावर बूट आणि बादली गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करा.

धुणं

इथे घाई केली की घेवडा जातो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ईसी (पाण्याची वीजवाहकता, क्षार जास्त तितकी जास्त; इथले सगळे आकडे डेसीसीमेन्स प्रति मीटरमधले) ५० च्या आसपास. भाज्यांची सहनशक्ती ह्याच्या तुलनेत नखाएवढी. जमिनीच्या अर्काचा, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा, ईसी १ च्या वर गेला की घेवडा आणि गाजर उत्पन्न घटवायला लागतात. कांदा-मुळा १.२ ला, मिरची १.५ ला, कोबी १.८ ला. काकडी आणि टोमॅटो अडीचपर्यंत तग धरतात, बीट चारपर्यंत. माझा टोमॅटो का वाचला आणि घेवडा का गेला, ते ह्या आकड्यांत आधीच लिहिलेलं होतं.

शेवाळ आख्खं धुवा, चिरून नाही. चिरल्यावर धुतलं तर मिठाबरोबर मॅनिटॉल आणि पालाशही वाहून जातं, मग उकळायचं काय? रात्रभर भिजतही घालू नका, त्याच कारणानं. एका मोठ्या टबात भरपूर गोडं पाणी, शेवाळ बुडवा, दोन मिनिटं हातानं घुसळा, जाळीवर निथळा. पाणी बदला. पुन्हा. माझ्याकडे साधारण चौथ्या पाण्याला ईसी नळाच्या पाण्याच्या जवळ येतो. ईसी मीटर नसेल तर चौथ्या पाण्याचा एक थेंब जिभेवर लावून बघता येतं, खारट लागलं तर पाचवं पाणी. किनारा स्वच्छ आहे ह्याची खात्री नसेल तर जीभ मधे आणू नका, सरळ पाच वेळा धुवा.

धुण्याचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गटारात सोडू नका. मी ते फरशांच्या वाटेवर ओतते, तिथलं तण आपोआप मरतं.

काढा

धुतलेलं, निथळलेलं शेवाळ एक किलो. बोटाच्या पेराएवढे तुकडे. दोन लिटर पाणी. भांडं स्टेनलेस स्टीलचं, आणि ह्या कामापुरतंच राखलेलं. उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवा आणि तासभर मंद खदखदू द्या. पाणी फार आटलं तर थोडं घाला. शक्यतो बाहेर शिजवा. वास दुर्गंध नसतो, पण पडद्यांना चार दिवस धरून राहतो. ह्या तासाभरात तुकडे, बीजाणू, सगळं मरतं. उपऱ्या शेवाळासाठी हीच पद्धत मला पहिली वाटते, ती ह्याच कारणासाठी.

थंड झाल्यावर आधी गाळणीतून, मग जुन्या सुती कापडाच्या दोन पदरांतून गाळा. अल्जिनेटमुळे काढा बुळबुळीत असतो आणि कापडातून नाखुशीनं उतरतो. पिळून घाई केली की गाळ खाली येतो आणि उद्या फवाऱ्याचं नोझल चोंदतं. रात्रभर लटकवून ठेवा, सकाळी निवळी काढून घ्या. हा मूळ काढा. बाटलीवर तारीख, जात आणि ‘पिण्याचं नाही’ असं लिहा. शेवटचं विशेषतः, कारण रंग थेट काळ्या चहाचा.

फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो. त्यानंतर आंबूस वास आला, फुगे दिसले की मुळाशी द्यायला चालेल, फवारायला नाही. जास्त दिवस हवा असेल तर काढा साठवू नका, शेवाळ साठवा. धुतलेलं शेवाळ कडक उन्हात कुरकुरीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवलं की हंगामभर राहतं. ओलं एक किलो वाळून साधारण दीडशे ग्रॅम होतं, तेव्हा दीडशे ग्रॅम सुकं म्हणजे एक किलो ओलं धरून त्यात अडीच-तीन लिटर पाणी घाला, कारण सुकं शेवाळ आधी स्वतःच पाणी पितं.

बाजारातले काही अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढतात. घरी तो प्रयोग नको. त्वचा भाजते, आणि उकळून जे मिळतं ते भाजीच्या वाफ्याला पुरेसं आहे.

भिजवण, ज्यांना इंधन जाळायचं नाही त्यांच्यासाठी

एक किलो चिरलेलं शेवाळ, पाच लिटर पाणी, झाकणाचा पिंप. झाकण घट्ट आवळू नका, वायू कोंडतो. दोन-तीन दिवसांनी काठीनं ढवळा आणि ढवळताना तोंड पिंपात घालू नका. पिंप घरापासून लांब, उघड्यावर. सहा आठवड्यांनी रंग गडद होतो, शेवाळ विरघळत आलेलं असतं. गाळून घ्या. ही भिजवण फक्त आळवणीला, म्हणजे मुळाशी ओतायला. पानांवर फवारू नका, कारण त्यात काय-काय जिवाणू वाढलेत ते आपल्याला ठाऊक नाही आणि ती पानं कोणीतरी खाणार आहे.

मी पूर्वी हेच करत होते. आता उकळते. शेजाऱ्यांशी संबंध सुधारले.

किती, कधी

वापरायच्या आधी पातळ केलेल्या द्रावणाचा ईसी बघा. नुसत्या पाण्यापेक्षा ०.५ हून जास्त वाढला असेल, म्हणजे पाणी ०.४ आणि द्रावण ०.९ च्या वर, तर आणखी पाणी घाला. हा माझा घरगुती नियम आहे, पण तो पाळायला लागल्यापासून पान करपलेलं नाही.

फवारणीला लिटरमागे मूळ काढा १० मिलिलिटरपासून सुरुवात, पुढे फार तर ३०. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं, पान ओलं होईल पण ठिबकणार नाही इतकं. पुनर्लागणीनंतर आठवड्यानं पहिली, कळ्या दिसायला लागल्या की दुसरी, मग फळं धरेपर्यंत दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. पाऊस येणार असेल तर थांबा. तोडणीच्या आधी आठवडाभर फवारणी बंद. पालेभाजीवर फवारतच नाही, तिला मुळाशी देते.

आळवणीला लिटरमागे मूळ काढा ५० मिलिलिटर, किंवा भिजवण १०० मिलिलिटर. आधी वाफा साध्या पाण्यानं ओला करून मग. कोरड्या मातीत दिलं तर क्षार मुळाशी साचतात. हंगामात दोन किंवा तीन वेळा बस्स.

मला सगळ्यांत जास्त फरक रोपवाटिकेत दिसला. वांग्या-टोमॅटोची रोपं ट्रेमधून काढायच्या आदल्या संध्याकाळी लिटरला १० मिलिलिटरच्या द्रावणात ट्रे खालून भिजवून ठेवायचा, एवढंच. दुसऱ्या दिवशी लावलेली रोपं दुपारी मान टाकत नाहीत, किंवा टाकली तरी संध्याकाळी उचलतात. मिरचीत मात्र दोन हंगाम करून मला काही फरक दिसला नाही. कोणाला दिसला असेल तर तो खोटा म्हणणार नाही, माझ्या वहीत नाही एवढंच. म्हणून एक ओळ दर वेळी कोरी ठेवा. नुसत्या पाण्याची ओळ नसेल तर चांगला पाऊसही काढ्याच्या खात्यावर जमा होतो.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागला तर आणखी काढा ओतू नका. जमिनीत पालाश जास्त झालं की रोपाला मॅग्नेशियम उचलता येत नाही, आणि शेवाळ म्हणजे पालाशच. माती चिकण असेल तर आणखी जपून. सोडियम साचला की ती मुरत नाही, वर कवच धरते.

चोथ्याचं काय

उकळून उरलेला चोथा फेकू नका. एक भाग चोथा आणि तीन भाग सुका पालापाचोळा असा थर लावून कंपोस्टच्या ढिगात घाला. नुसत्या चोथ्याचा जाड थर दिला तर चिकट चिखल होतो आणि हवा कोंडून सडतो. चार महिन्यांत ओळखू येत नाही. आच्छादन म्हणून टाकायचा असेल तर दोन बोटांपेक्षा जाड नको, आणि देठापासून वीतभर दूर.

हे कंपोस्ट वाफ्यात जाण्याआधी घेवड्याची परीक्षा. दोन कुंड्या घ्या. एकीत नेहमीची माती, दुसरीत निम्मी माती निम्मं कंपोस्ट. दोन्हीत पाच-पाच घेवड्याचे दाणे. तीन आठवडे वाट बघा. दुसऱ्या कुंडीत उगवण मागे पडली, पहिलं खरं पान आखूड आलं किंवा कडा तपकिरी झाल्या तर कंपोस्टमध्ये क्षार आहेत. ते उघड्यावर ठेवून दोन-चार पावसांत धुऊन निघू द्या आणि पुन्हा दाणे पेरा. घेवडा इतका नाजूक आहे की मीटरपेक्षा मला त्याचा शब्द पटतो. नवीन जात आणली, नवीन किनारा धरला, किंवा काढा जरा दाट वाटला तरी मी आधी ह्याच कुंडीला पाजते.

यंदा किनारा जवळजवळ मोकळा आहे. परवा सकाळी रिकाम्या बादल्या घेऊन गेले आणि स्वच्छ वाळू बघून चक्क हिरमुसले. मग माझं मलाच हसू आलं. डब्यात तीनशे ग्रॅम सुकं शेवाळ शिल्लक आहे, म्हणजे चार लिटरच्या आसपास काढा निघेल. रोपवाटिकेला आणि टोमॅटोच्या दोन ओळींना तेवढा पुरून उरतो.